गाठ परत आली, पण कुठली?

चरबीची गाठ काढणं म्हणजे आमच्या ऑपरेशन थिएटरात सगळ्यात सोपं काम. तेवढाच भाग बधिर करायचं इंजेक्शन, छोटा काप, बोट फिरवून मोकळी करायची आणि दाबली की फणसाच्या गऱ्यातली आठळी निसटावी तशी बाहेर. त्यामुळे डिचोलीकडचे एक काका "काढलेली परत आली" म्हणत आले आणि डॉक्टर म्हणाले आधी बांबोळीच्या मोठ्या सरकारी हॉस्पिटलात जाऊन एमआरआय करा, तेव्हा ऐन काजूच्या हंगामात कुठे पाठवताय म्हणून ते वैतागलेच. पण गाठ खांद्यामागे खोल, पाच सेंटीमीटरच्या वर, बोटाखाली सरकत नव्हती, त्यात एकदा काढलेली, म्हणजे कॅन्सरची शंका आधी फेडायला हवी.

जुने कागद मागितले तर नुसतं बिल. पहिल्या वेळी म्हणे गाठ डबीत घालून "बघा, काढली" असं घरच्यांना दाखवली आणि टाकून दिली, लॅबला गेलीच नाही. माझा राग इथेच आहे, हजार-दोन हजार वाचवले कुणी आणि भोगतंय कोण.

यावेळी पूर्ण भूल दिली. कातडीखालच्या गाठीला पातळ कवच असतं, इथे कवच नाहीच, पिवळी चरबी थेट स्नायूच्या दोऱ्यांमध्ये शिरलेली, मग भोवतीचा थोडा स्नायूही काढावा लागला. वरच्या कडेला आखूड दोरा, बाहेरच्या कडेला लांब दोरा बांधून दिला, म्हणजे लॅबवाल्याला बाजू कळते. गाठ टिकवायचं औषधी पाणी, फॉर्मलिन, गाठीच्या दहापट लागतं. छोट्या बाटलीत कोंबली तर आतला भाग कुजतो आणि रिपोर्टला अर्थ राहत नाही, हे मी नवीन पोरींना सांगून थकले.

रिपोर्ट आला, कॅन्सर नाही, चरबीच्या काही कॅन्सरमध्ये वाढलेलं दिसणारं जनुक एमडीएम२, त्याची तपासणीही निगेटिव्ह. पण स्नायूतली असल्यामुळे परत येऊ शकते, लक्ष ठेवा म्हटलंय. आधी अर्धी आत राहिली होती की तेव्हा वरची वेगळीच काढली, हे आता कोण सांगणार?

काकींचं म्हणणं वेगळंच, कात्री लावली म्हणून पसरली, हातावरही आल्या. हातावरच्या त्या कातडीखालच्या साध्या, काकांच्या भावालाही आहेत, घराण्यातच आहेत. पटलं नाही त्यांना. वर डॉक्टरांना म्हणतात, मग त्याही एकदाच काढून टाका. दुखत नाहीत, वाढत नाहीत तर कशाला, म्हणाले डॉक्टर. काका हसले, काकी अजून रुसलेल्या.