आमची वाटचाल : कन्व्हर्टरपासून घड्याळापर्यंत

सुरुवात झाली प्रोटोकॉल कन्व्हर्टरने, म्हणजे यंत्रांच्या एका भाषेचं दुसरीत रूपांतर करणाऱ्या उपकरणाने. एका टोकाला मॉडबस ही भाषा बोलणारे मीटर आणि पीएलसी (यंत्रं चालवणारे नियंत्रक), दुसऱ्या टोकाला आयईसी १०४ ही भाषा मागणारी स्काडा (देखरेखीची संगणक यंत्रणा), आणि मध्ये दुभाष्यासारखा आमचा गेटवे. आकडे वर पोचले की बिल निघायचं. घड्याळाचं कुणी विचारत नसे.

विचारणा आली ती बिघाडांच्या चौकशीतून. दोन ब्रेकर पाठोपाठ उडाले, आधी कोणता? घड्याळाला ठोके देणाऱ्या साध्या क्रिस्टलची चूक २० पीपीएम (दहा लाखांत वीस भाग) धरली तरी घड्याळ दिवसाला पावणेदोन सेकंद सरकतं. दोन गेटवे उलट दिशांना सरकले की नोंदींत परिणाम आधी आणि कारण नंतर दिसतं. त्यात मॉडबसमध्ये वेळ जुळवायची ठरलेली आज्ञाच नाही, म्हणून वेळेचा शिक्का मारायचं काम गेटवेच्याच गळ्यात पडतं. तिथून आमच्या धंद्याची दिशा बदलली.

पहिल्यांदा एनटीपी, म्हणजे नेटवर्कवरून घड्याळं जुळवायची पद्धत, घेतलं. कारखान्याच्या लॅनवर ते मिलिसेकंदाच्या आसपास सहज राहतं. मोबाइल मॉडेमवर मात्र गडबड होते, कारण जायला आणि यायला सारखाच वेळ लागतो असं एनटीपी गृहीत धरतं. तसं नसेल तर फरकाचा निम्मा भाग थेट घड्याळात चूक म्हणून उतरतो, आणि आकडेवारीत तो दिसतही नाही. अशा ठिकाणी आम्ही थेट उपग्रहाकडून वेळ घेणारा जीपीएस रिसीव्हर सुचवू लागलो.

जीपीएसचेही नखरे आहेत. २०१७ पासून जीपीएसची वेळ यूटीसीच्या (जागतिक प्रमाणवेळेच्या) १८ सेकंद पुढे आहे. रिसीव्हर नवा चालू केला की ही दुरुस्ती उपग्रहाकडून मिळायला साडेबारा मिनिटांपर्यंत लागू शकतात. तोवर आमचा गेटवे ती वेळ स्वीकारत नाही, नोंदींवर ‘वेळ अविश्वसनीय’ असा झेंडा लावतो. ‘दिवा हिरवा का होत नाही?’ असे फोन यायचे; अजूनही येतात. चुकीची वेळ खात्रीने सांगण्यापेक्षा खात्री नाही हे सांगणारं यंत्र मला जास्त कामाचं वाटतं.

आता प्रत्येक चौकशीत पीटीपी (नेटवर्कवरूनच वेळ जुळवायची, पण अधिक अचूक पद्धत) असतंच. आयईईई १५८८ हे त्याचं मानक उत्तम आहे, हार्डवेअरमध्येच टाइमस्टॅम्प पडतो आणि मायक्रोसेकंदाच्या आत वेळ जुळते. पण मधले स्विचही पीटीपी जाणणारे हवेत, नाहीतर त्यांच्या रांगेतला विलंब सगळी कमाई खाऊन टाकतो. सबस्टेशनमध्ये सॅम्पल्ड व्हॅल्यूज (करंट-व्होल्टेजचे नेटवर्कवरून सतत येणारे नमुने) असतील तर पीटीपीला पर्याय शोधू नका. पंधरा मिनिटांनी एकदा वाचल्या जाणाऱ्या मीटरसाठी ते मागणाऱ्याला मात्र आम्ही एनटीपीच देतो, ऑर्डर लहान झाली तरी. जुन्या पॅनेलमध्ये आयआरआयजी-बी (वेळ सांगणारा सिग्नल) ची केबल असेल तर तीही उपटत नाही. फक्त त्या सिग्नलमध्ये वर्ष येतं का, ते आधी तपासतो. मूळच्या बऱ्याच प्रकारांत ते नसतंच.

सर्वांत जास्त मेहनत गेली ती घड्याळ दुरुस्त कसं करायचं यावर. झटक्यात मागे नेलं तर दोन घटनांवर एकच वेळ पडते. हळूहळू ओढायचं तर ५०० पीपीएमच्या वेगाने एक सेकंद भरून यायला अर्ध्या तासाहून जास्त लागतो. म्हणून चालू होताना एकदाच उडी, पुढे फक्त ओढणं, आणि फरक मोठा असेल तर आधी अलार्म, असा नियम ठेवला.

सध्या टेबलावर २०३६ आहे. त्या वर्षी ७ फेब्रुवारीला एनटीपीचा ३२ बिटांचा सेकंदमोजक शून्यावर येईल. आज बसवलेले गेटवे तेव्हाही पॅनेलमध्येच असतील, म्हणून प्रत्येक नवं फर्मवेअर त्या तारखेवरून पुढे-मागे नेऊन पाहिल्याशिवाय बाहेर पडत नाही.