पिकअपचा नॉक: इंजिन उघडायच्या आधी आवाज हलवून बघा

"गाडी नॉक मारतेय", म्हणजे इंजिनमधून ठोके ऐकू येतायत, म्हटलं की आपल्याकडं बऱ्याच गॅरेजमध्ये पुढचं वाक्य तयारच असतं, "हाफ इंजिन करावं लागेल." म्हणजे इंजिनची निम्मी खोलाखोल. मग खालचं ऑइलचं चेंबर उतरतं, पिस्टन बाहेर येतात, बेअरिंग नवीन पडतात, गाडी आठवडाभर उभी, आणि एवढं सगळं करून चालू केली की तोच आवाज परत. हे मी लय वेळा बघितलंय. मी वायरिंग आणि स्कॅनरवाला (गाडीच्या कॉम्प्युटरमधले आकडे वाचायचं यंत्र) माणूस, इंजिन खोलणं माझं काम नाही, त्यामुळं खोलायच्या आधी काय काय बघता येतं तेवढंच मला येतं, आणि मॉडिफाय केलेल्या गाडीत तर तेच जास्त कामाला येतं असं माझं मत आहे.

परवा आमच्या दाजींची पिकअप आली. अडीच लिटरचं कॉमन रेल डिझेल (सगळ्या सिलिंडरना एकाच जास्त दाबाच्या नळीतून, म्हणजे रेलमधून, डिझेल जातं ते), सेकंड हँड घेतलेली, आणि आधीच्या मालकानं हौस पुरेपूर केलेली. मागच्या स्प्रिंगच्या पाट्यांना जादा पानं, मोठ्या पाइपचा सायलेन्सर, आणि बॉनेटखाली जोर वाढवायची चिप. दाजी नारायणगावहून टोमॅटो भरून वाशीला जातात आणि येताना कल्याणकडून पेंड नाहीतर खत घेऊन माळशेज चढतात, म्हणजे खरी ओढ येतानाच. दोन ठिकाणी दाखवून झालेली, दोन्हीकडं हाफ इंजिन सांगितलेलं.

"दाजी, आवाज कधी येतो ते सांगा आधी."
"अरे कधी म्हणजे काय, येतोच की."
"सकाळी थंड गाडीत जास्त का तापल्यावर? घाटात का उभ्या गाडीत? क्लच दाबला की बदलतो का?"
"तू डॉक्टरसारखं विचारू नको, चालव आणि ऐक."

पण विचारावंच लागतं ओ, कारण नॉक हा एक आजार नाहीच. थंड इंजिनला खडखडतो आणि तापल्यावर गप होतो तो बहुतेक पिस्टन आणि बोअरमधला गॅप. उलट गार असताना बरा आणि तापून ऑइल पातळ झालं की जड, खालून आल्यासारखा ठोका देतो, तिथं बेअरिंगचा संशय घ्यायचा. व्हॉल्व्हच्या टॅपेटचा आवाज वरून येतो, बारीक असतो आणि क्रँकच्या (पिस्टन फिरवतात त्या दांड्याच्या) निम्म्या तालात असतो, कारण व्हॉल्व्ह उघडणारा कॅम निम्म्या वेगानंच फिरतो. क्लच दाबल्यावर बदलला तर इंजिन सोडा आणि क्लच-गिअरबॉक्सकडं बघा. दाजींकडून ओढून ओढून जे कळलं ते असं, की रेस दिली की वरून कडकड येते, तापल्यावर आयडलला (रेस न देता इंजिन चालू असताना) एक टक टक राहते, आणि घाटात तिसऱ्या गिअरला ओढताना धाडधाड होतं. एकाच गाडीचं वर्णन, पण मला हे तीन वेगळे आवाज वाटत होते.

डिझेलचा मूळ आवाज कुठून येतो तेवढं थोडक्यात सांगतो. पेट्रोलमध्ये प्लगनं आग लावल्यावर ज्वाला पसरायच्या आत कोपऱ्यातलं मिश्रण स्वतःहूनच पेटतं, तो नॉक, आणि तो पकडायला ब्लॉकवर नॉक सेन्सर असतो, तो ऐकतो आणि ईसीयू, म्हणजे इंजिनचा कॉम्प्युटर, टायमिंग मागं घेतो. डिझेलमध्ये स्पार्क प्लगच नाही, हवा दाबून एवढी तापते की डिझेल आपोआप पेटतं, पण आत पडल्यापासून पेटेपर्यंत थोडा वेळ जातो. त्या वेळात जितकं डिझेल साचेल तितकं एकदम पेटतं, लडीतले फटाके एकेक न फुटता सगळे एका दमात फुटावेत तसं, आणि तीच ती कडकड. कॉमन रेलमध्ये मेन इंजेक्शनच्या आधी थोडंसं डिझेल पायलट म्हणून मारतात, आग आधीच लागलेली असते, म्हणून नव्या गाड्या जुन्या जीपगाड्यांपेक्षा शांत वाटतात. डिझेल किती पटकन पेटतं त्याचा आकडा म्हणजे सीटेन, आपल्याकडं बीएस-६ डिझेलला तो कमीत कमी ५१ लागतो. आता भेसळ झाली, पेट्रोल चुकून पडलं, तर सीटेन खाली येतो आणि आवाज वर जातो. पूर्वी रेशनचं निळं रॉकेल डिझेलमध्ये मारायचे, त्यात आवाज तर वाढायचाच, वर पंप आणि नोझल कोरडे पडून झिजायचे ते वेगळंच. म्हणून मी पहिल्यांदा डिझेल फिल्टरमधलं थोडं डिझेल काचेच्या बाटलीत काढून बघतो, पाणी बिणी आहे का. दाजींच्या गाडीत डिझेल स्वच्छ होतं.

आता चिप. ही जी बाजारात मिळणारी स्वस्तातली डबी असते ना, ती ईसीयूचा प्रोग्रॅम बदलतच नाही. ती रेल प्रेशर सेन्सर आणि ईसीयूच्या मधे बसते आणि खोटं बोलते. सेन्सर साधारण अर्धा ते साडेचार व्होल्टमध्ये सिग्नल देतो, डबी त्यातला थोडा कमी करून पुढं पाठवते, ईसीयूला वाटतं प्रेशर कमी पडलं, तो वाढवतो. प्रेशर वाढलं की तेवढ्याच वेळात जास्त डिझेल आत, गाडीला जोर, दाजी खूश. पण पायलटचं माप पण त्याच प्रमाणात बिघडतं, ज्वलन दणक्यात होतं, आणि कडकड वाढते. आणि आमच्या धंद्यातली खरी मेख इथं आहे बघा. स्कॅनर लावला तर स्कॅनर तेच दाखवतो जे ईसीयूला दिसतं! स्क्रीनवर आयडलला तीनशे बारच्या (बार हे दाबाचं माप) आसपास, एकदम ओके, आणि आत रेलमध्ये त्याच्यापेक्षा जास्त. मॉडिफाय गाडीत स्कॅनरचा आकडा बघून "सगळं नॉर्मल आहे" म्हणणारा माणूस डबीनं फसवलेला असतो. म्हणून मॉडिफाय गाडी आली की माझा एकच हट्ट, आधी ती कंपनीतून आली तशी करा, जेवढी होईल तेवढी, आणि मगच कान लावा. मूळ आवाज कसा होता तेच माहीत नसेल तर वाढला का कमी झाला हे सांगणार कसं?

डबी काढली, ओरिजिनल कनेक्टर सेन्सरला परत लावला. रेस दिल्यावरची कडकड जवळजवळ गेली. दाजी म्हणाले, "अरे पण पिकअप पण गेला की." म्हटलं गाडीचा जोर नंतर बघू.

तापल्यावरची टक टक मात्र तशीच. इथं इंजिनचं काम करणाऱ्या मिस्त्रींनी लांब स्क्रूड्रायव्हरची मूठ कानाला लावून टोक ब्लॉकवर ठेवून ऐकलं आणि म्हणाले, "तीन नंबर. बिग एंड." म्हणजे तिसऱ्या सिलिंडरच्या कनेक्टिंग रॉडचं क्रँकवरचं बेअरिंग. मिस्त्रींचा कान चांगला आहे, जागा त्यांनी बरोबर सांगितली, पण ब्लॉक म्हणजे लोखंड, आवाज त्यातून फिरतो, आणि त्याच सिलिंडरला डिझेल फवारणारा इंजेक्टर पण आहे.

मग ऑइल. डिपस्टिक काढली तर लेव्हल वरच्या खुणेच्याही वर, आणि वास डिझेलचा. ऑइल कमी होतं हे समजतं, पण वाढलेलं ऑइल ही चांगली बातमी कधीच नसते. म्हणजे कुठला तरी इंजेक्टर मुततोय, न जळलेलं डिझेल रिंगांवरून खाली चेंबरमध्ये उतरतंय. हे ऑइल पातळ होऊन बेअरिंगची वाट लावतं, त्यामुळं मिस्त्रींची शंका अगदीच हवेतली नव्हती. ऑइल आणि फिल्टर बदलला, जुना फिल्टर कापून कागद उलगडून उन्हात धरला. बेअरिंग गेलं असेल तर तिथं तांब्याची नाहीतर चंदेरी चमक दिसते, आणि तिथं चुंबक फिरवून उपयोग नाही कारण तांबं आणि अ‍ॅल्युमिनियम चुंबकाला येतच नाही. चमक नव्हती. मग ऑइल स्विच काढून तिथं काट्याचा गेज लावला, गाडी चांगली तापवली, आयडलला एक बारच्या वर आणि दोन हजार आरपीएमला तीनच्या वर. माझ्या हिशोबानं एवढं प्रेशर असेल तर क्रँकखाली घाईघाईनं हात घालायचं कारण नाही.

आता सिलिंडर बंद करून बघायची पाळी. स्कॅनरमध्ये एकेक इंजेक्टर बंद करायचा ऑप्शन असतो. तीन नंबर बंद केला, टक टक गायब. मिस्त्री लगेच, "बघा, सांगितलं होतं ना, तीन नंबर." पण या टेस्टचा घोळच हा आहे. सिलिंडरमध्ये जाळ झाला नाही तर कनेक्टिंग रॉडवर दणका बसत नाही, म्हणजे ढिल्या बेअरिंगचा आवाज पण कमी होतो आणि इंजेक्टरचा पण. ही टेस्ट कुठल्या सिलिंडरमध्ये ते सांगते, कशाचा ते सांगत नाही. निम्मी इंजिनं याच जागेवर चुकीची खोलली जात असतील.

एक सांगून ठेवतो, स्कॅनर नसेल तर इंजेक्टरचा वायरिंगचा कनेक्टर काढून पण हीच टेस्ट होते, पण इग्निशन बंद करून काढा, तिथं ५० व्होल्टच्या वर करंट येतो. आणि जुन्या पंपाच्या गाडीत नळीचा नट ढिला करून मिसिंग शोधायचे ना, ते कॉमन रेलला चालू इंजिनवर कधीच करायचं नाही. हा प्रकार फुल लोडला १६०० बारच्या घरात जातो, आयडलला पण एवढं प्रेशर असतं की बारीक फवारा कातडीतून आत शिरतो, आणि मग बोट वाचवायला ऑपरेशनच करावं लागतं.

तर मी मिस्त्रींना म्हटलं, आपण दोन आणि तीनचे इंजेक्टर अदलाबदल करू. गाडी बंद करून प्रेशर उतरू दिलं, तांब्याचे वॉशर नवीन टाकले, आणि इंजेक्टरच्या डोक्यावर जो कोड छापलेला असतो तोही ईसीयूत अदलाबदल केला, कारण प्रत्येक इंजेक्टरचं माप बारीकसं वेगळं असतं आणि त्याचा कोड सोबत गेला नाही तर नवीनच आवाज तयार होतो. इंजेक्टर बाहेर होते तेव्हाच तीन नंबरच्या भोकातून कॅमेरा घालून पिस्टनचं डोकं बघून घेतलं, कारण गळका इंजेक्टर पिस्टन जाळून भोक पाडू शकतो. काळा होता, पण शाबूत.

गाडी चालू केली, तापवली. टक टक दोन नंबरवर आली!

कनेक्टिंग रॉड काय उठून शेजारच्या सिलिंडरमध्ये जात नाही. आवाज इंजेक्टरबरोबर हलला म्हणजे इंजेक्टरचाच. मिस्त्रींनी परत स्क्रूड्रायव्हर लावून ऐकलं, काही बोलले नाहीत, चहा सांगितला. इंजेक्टर पुण्याला टेस्ट बेंचवर पाठवला, नोझल सीट झिजलेलं, बंद झाल्यावर पण थेंब सोडत होता. जास्तीच्या प्रेशरवर इतकी वर्षं चालवल्यावर दुसरं काय होणार.

राहिलं घाटातलं धाडधाड. ते काढायला मला सगळ्यात जास्त मजा आली, कारण त्याचा इंजिनच्या आतल्या कशाशीच संबंध नव्हता. गाडी रॅम्पवर घेतली तर चेसिसच्या आडव्या पट्टीवर एक जागा घासून लख्ख झालेली, आणि बरोबर तिच्यासमोर हौसेच्या मोठ्या सायलेन्सरचा पाइप. इंजिनचं एका बाजूचं फाउंडेशन (ज्या रबरी बैठकीवर इंजिन टेकतं ती) दबलेलं, त्यामुळं घाटात जोर लागला की इंजिन तिरकं होतं आणि पाइप पट्टीवर आपटतो. उभ्या गाडीत कितीही रेस द्या, येणारच नाही. फाउंडेशन बदललं, पाइपचा हँगर सरकवला, विषय संपला.

दाजींचं आता म्हणणं, सगळं नीट झालंय तर चिप परत लाव. मी नाही लावली. त्यांना सांगितलं की मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ प्रमाणं असले बदल चालत नाहीत, त्याचा त्यांच्यावर काडीचा परिणाम झाला नाही, मग इंजेक्टरचं बिल परत दाखवलं, त्याचा झाला. घाटात तिसऱ्यात रडवण्यापेक्षा दुसरा टाका एवढंच म्हटलं. ताईनं आतून आवाज दिला, "आणि पोती कमी भरा म्हणावं."

आणि ज्यांना आपल्या गाडीचा आवाज कुणाला पाठवून विचारायचाय त्यांनी व्हॉइस नोट पाठवू नका, त्यात नॉक मरून जातो. बॉनेट उघडून व्हिडिओ करा, रात्रभर उभी असलेली गाडी पहिल्यांदा चालू करतानाचा एक आणि चांगली तापल्यावरचा एक, मधेच एकदा क्लच दाबा, एसी बंद ठेवा, आणि गाडीला चिप बिप काय काय लावलंय ते आधी खरं सांगा.