मका उभा राहिला पण वेलाचा घेवडा काही मिळेना (माझा अनुभव)

मका, घेवडा आणि लाल भोपळा एकाच वाफ्यात लावायची उत्तर अमेरिकेतल्या मूळ रहिवाशांची फार जुनी पद्धत आहे, तिकडे ह्यांना तीन बहिणी म्हणतात, मेक्सिकोत अशाच मिश्र शेतीला मिल्पा. मक्याच्या धाटावर घेवडा चढतो, भोपळ्याची पानं जमीन झाकतात, तण कमी होतं आणि ओल टिकते. धायरीत घरामागे थोडी जागा आहे, पाऊस लागल्यावर मका लावला, छान उगवला, भोपळ्याचं बी घरचंच होतं.

अडलं ते घेवड्यापाशी. एका बियाणांच्या दुकानात स्पष्ट सांगितलं की वेलाचा पाहिजे, मक्यावर चढवायचाय. "घेवड्यात वेगळं काय असतं मॅडम, न्या, भरपूर लागतो." पाकिटावर उगवणक्षमता, शुद्धता, लॉट नंबर सगळं छापलेलं, फक्त वेल की झुडूप ते कुठेच नाही! लावला, तर गुडघ्याला येऊन थांबला आणि तिथेच फुलायला लागला, मका शेजारी कमरेएवढा झालेला आणि ह्याचं तिकडे लक्षच नाही. बुटका घेवडा निघाला. त्याला आधार लागत नाही म्हणून शेतकरी तोच नेतात, कबूल, पण मग वेलाचा नाही असं तोंडाने सांगायला काय जातं? परत गेले तर त्याने मान वर न करता "विकलेलं बी परत घेत नाही"च्या पाटीकडे बोट दाखवलं. दुसऱ्या दुकानात म्हणे ऑनलाइन बघा. तिसरा वाल द्यायला लागला, पण आपला देशी वाल पावसाळ्यात नुसता पाला करतो, शेंगा थंडीत, तोवर मका वाळून जाणार. मका काय कोणासाठी थांबतो का! अजूनही त्या दुकानावरून जाताना डोकं फिरतं.

शेवटी मंडईतल्या एका भाजीवाल्या मावशींनी सोडवलं. "घेवड्याच्या मागे कशाला लागतेस गं, वेलाची चवळी लाव, मक्यावर सोडली की बघायला नको." घरच्या वाळलेल्या शेंगाच दिल्या, पैसे घेईनात. भोपळ्याची पानं बाजूला करून धाटांच्या बुडाशी दाणे टोकले, चार दिवसांत वर, आणि मग नुसती धाव. कणसं काढली तरी धाटं उपटली नाहीत, चवळी त्यांच्यावरच राहिली.

तुमचा मका वीतभर झाला की लगेच चवळी टोका, माझ्यासारखं दुकानांत फिरत बसू नका. आणि हो, मका एका ओळीत नको, चौकोनात लावा, परागकण वाऱ्याने पडतात आणि कणसाच्या प्रत्येक केसामागे एक दाणा, ओळीत लावला की कणसं बोडकी. सकाळी तुरे हलवायचे. स्वीटकॉर्नपेक्षा देशी मका घ्या, धाट दणकट असतं. पोंग्यात, म्हणजे मधल्या गुंडाळलेल्या कोवळ्या पानांत, भुशासारखी विष्ठा दिसली की लष्करी अळी, हाताने वेचा, निंबोळी अर्क मारा. भोपळ्याची नर फुलं भज्यांना चालतात, मागे बारीक भोपळा असलेली मादी तोडू नका.

शेणखत मात्र भरपूर घाला. चवळीच्या मुळांवरच्या गाठी नत्र धरतात हे खरं, पण त्याच हंगामात मक्याला त्यातलं फारसं मिळत नाही, पुढच्या पिकाला मिळतं. म्हणून शेवटी चवळी उपटायची नाही, बुडाशी कापायची, मुळं जमिनीतच कुजू द्यायची, मी आता तिथे मेथी टाकलीये.