इ.स.पू. 200 च्या सुमाराचं रोमन लीजन, 1:72 स्केल: हस्ताती पूर्ण, ढालींचं काम चालू

टेबलावरच्या युद्धखेळासाठी छोट्या फिगरचं एक लीजन, म्हणजे रोमन फौजेची मोठी तुकडी, बनवतोय. तिच्या पायदळाच्या तीन रांगा: पुढे हस्ताती, मध्ये प्रिन्सिपेस, मागे त्रिआरी; दर रांगेत दहा मॅनिपल, म्हणजे छोट्या तुकड्या. हस्तातींचे दहाही मॅनिपल रंगून बेसवर चढले. प्रिन्सिपेसचे चार झालेत, त्रिआरी अजून प्रायमरवर आहेत. पहिली रांग आता टेबलावर मांडता येते. ती सलग नाही, आणि रोमन सैन्य समजून घ्यायला सुरुवात तिथूनच होते.

हिशेब ग्रीक इतिहासकार पॉलिबियसच्या आकड्यांवर बांधलाय: 1200 हस्ताती, 1200 प्रिन्सिपेस, 600 त्रिआरी, 1200 वेलितेस (हलके भालाफेके), 300 घोडेस्वार. एका फिगरमागे 20 माणसं धरली की अनुक्रमे 60, 60, 30, 60 आणि 15, म्हणजे एकूण 225 फिगर. पुढच्या दोन रांगांत 120 जणांचा मॅनिपल सहा फिगरचा होतो: तीन-तीनच्या दोन ओळी, बेस 45 × 30 मिमी. त्रिआरींचा मॅनिपल 60 जणांचा, म्हणून तीनच फिगर, पण रुंदी तीच. वेलितेस सगळ्या मॅनिपलांत सारखे वाटलेले असत, दर मॅनिपल 40. त्यांच्या दोन-दोन फिगरचे 30 बेस सुटे ठेवले. दोन मॅनिपलांमध्ये 45 मिमी मोकळी जागा सोडली तर आघाडी 855 मिमी होते. टेबल आधी मोजून घ्या.

‘रोमन’ म्हणून मिळणाऱ्या पाकिटात बहुतेकदा पोलादी पट्ट्यांचं चिलखत आणि आयताकृती ढाल असते. तो थाट इ.स. च्या पहिल्या शतकातला. रोमचा शत्रू, कार्थेजचा सेनापती हॅनिबल याच्यासमोर ती मंडळी उभी करणं म्हणजे पानिपतावर थ्री-नॉट-थ्री वाटणं. या काळात डोक्यावर माँतेफोर्तिनो पद्धतीचं शिरस्त्राण, छातीवर वीतभर चौकोनी कांस्यपत्रा, आणि कड्यांचं चिलखत फक्त 10,000 द्राख्मांहून जास्त मालमत्ता असलेल्यांकडे. त्यामुळे हस्तातींच्या सहा फिगरमध्ये एकालाच कड्यांचं चिलखत दिलंय. शिरस्त्राणावरचे तीन तुरे जांभळे किंवा काळे, हातभर उंच, म्हणजे स्केलमध्ये 6 मिमी. जुन्या ब्रशचे केस चालतात. अंगरखे एकजात लाल रंगवलेले नाहीत. कपड्यांचे आणि शस्त्रांचे पैसे शिपायाच्या पगारातून कापले जात, तेव्हा न रंगवलेल्या लोकरीच्या तीन-चार छटा जास्त पटतात.

सगळ्यात जास्त वेळ ढालींना लागतोय. पाकिटातल्या ढाली जाड आणि सपाट असतात. इजिप्तमधल्या फायूमला सापडलेली ढाल 128 × 63.5 सेंमी, लाकडाच्या पातळ पट्ट्यांच्या तीन थरांची आहे. पॉलिबियस दोन थर, वर कापड आणि वासराचं कातडं सांगतो. स्केलमध्ये माप सुमारे 18 × 9 मिमी आणि जाडी जेमतेम 0.2 मिमी. साध्या 80 जीएसएम कागदाचे दोन थर एवढेच भरतात. दोन तुकडे असे कापा की एकाचे तंतू आडवे, दुसऱ्याचे उभे येतील. मध्ये फेव्हिकॉल लावून ओले असतानाच 14 मिमी जाडीच्या मार्करभोवती गुंडाळा, दोऱ्याने बांधा आणि रात्रभर ठेवा. कोरडं झाल्यावर ढालीचा लंबगोल कापायचा. सपाट चिकटवून नंतर वाकवलं तर कागदाला घडी पडते किंवा तो परत सरळ होतो. दोन्ही थरांचे तंतू एकाच दिशेला आले तर ढाल तिरकी पिळते. खऱ्या ढालीत थर आडवे-उभे असण्याचं कारणही हेच: लाकूड एका रेषेत चिरत नाही. मधला कणा जाड शिवणदोऱ्याचा, त्यावर सुपरग्लूचा एक थेंब.

पायलम (फेकायचा जड भाला) 0.8 मिमी पितळी तारेचा, लांबी 28 मिमी. पुढचा तिसरा हिस्सा पॉलिश पेपरने निम्म्या जाडीवर आणा, टोक पक्कडीने दाबा. पाकिटातले मऊ प्लास्टिकचे भाले ठेवू नका, ते वाकले की रंग सोलून पडतो. फिगर आधी भांड्यांच्या साबणाने कोमट पाण्यात धुवा, साच्याचं तेल राहिलं तर प्रायमरही धरत नाही. पावसाळ्यात स्प्रे वार्निश टाळा. दमट हवेत त्यावर पांढुरकी साय धरते. मॅट वार्निश ब्रशनेच.

त्रिआरींना गुडघ्यावर बसवायचंय: डावा पाय पुढे, ढाल खांद्याला टेकलेली, भाला तिरका जमिनीत रोवलेला. बसलेल्या पोझच्या फिगर कमी मिळतात, म्हणून उभ्या फिगरचे पाय कापून जोडणं चालू आहे.

आता त्या मोकळ्या जागांबद्दल. दुसरी रांग पहिलीच्या फटींमागे उभी करा, म्हणजे खेळताना कळतं: वेलितेस भाले फेकून फटींतून मागे येतात, हस्ताती थकले की प्रिन्सिपेस पुढे सरकतात, शत्रूला पुन्हा ताजी फळी भेटते. खडकाळ उतारावरही रांग फुटत नाही, कारण ती आधीच तुकड्यांत आहे. फॅलँक्सचा, म्हणजे लांब भाल्यांच्या दाट मॅसिडोनियन फळीचा, बेस एकसंध, समोरून अभेद्य, पण वळायला जड. इ.स.पू. 197 मध्ये ग्रीसमधल्या किनोस्केफालेच्या लढाईत मॅसिडोनियन उजवी बाजू टेकडीवरून रोमनांना रेटत होती, तेव्हा एका ट्रिब्यूनने (लीजनमधल्या अधिकाऱ्याने) रोमन उजवीकडचे 20 मॅनिपल काढून तिच्या पाठीवर घातले. त्याचं नावही टिकलेलं नाही. म्हणून दहा मॅनिपल एका लांब पट्टीवर चिकटवू नका. उचलून भलतीकडे ठेवता आले पाहिजेत.

तरी एवढ्यावर रोमचा उदय समजत नाही. ग्रीक राजा पिऱ्हस हेराक्लियाला (इ.स.पू. 280) आणि आस्कुलुमला (279) जिंकला, हॅनिबलने 218 ते 216 दरम्यान ट्रेबिया, ट्रासिमेनो आणि कॅनीला सैन्यच्या सैन्य कापलं, आणि दर वेळी नवी लीजन उभी राहिली. इटलीतल्या जिंकलेल्या शहरांकडून रोम खंडणी घेत नसे, माणसं मागे. इ.स.पू. 225 मध्ये रोमन आणि दोस्त (म्हणजे हीच शहरं) मिळून 7,00,000 पायदळ आणि 70,000 घोडदळ उपलब्ध असल्याचं पॉलिबियस नोंदवतो. माझ्या मते टेबलावर नुसतं लीजन मांडणं अर्धवट आहे. शेजारी दोस्तांची तुकडी हवीच: पायदळ साधारण तेवढंच, घोडेस्वार तिप्पट.

म्हणजे पुढच्या टप्प्यात 45 घोडे. बेस 25 × 50 मिमी, दर बेसवर एक. प्रत्येक शहराच्या ढालींचा रंग वेगळा ठेवतोय, तो निव्वळ टेबलावर तुकड्या ओळखू याव्यात म्हणून.