पीए व्हायचंय? आधी कॉलेजची मान्यता बघा

मी न्यू जर्सीत एका हॉस्पिटलमध्ये पीए आहे, म्हणजे डॉक्टरांबरोबर पेशंट तपासणारी फिजिशियन असिस्टंट, इंटर्नल मेडिसिनला. मंडळाच्या गणपतीत किंवा कोणाकडे हळदीकुंकवाला गेले की एखादी मुलगी मला हमखास बाजूला घेते. बीडीएस, बीएचएमएस नाहीतर बी.फार्म करून, लग्न होऊन इकडे आलेली असते. "ताई, पीएचं रजिस्ट्रेशन कुठे करायचं? कौन्सिलचा फॉर्म कुठे मिळतो?" दोन वाट्या चिवड्याच्या मध्ये उभं राहून याचं नीट उत्तर देता येत नाही, म्हणून हे सविस्तर लिहिते आहे.

आपल्याला एका कौन्सिलची सवय असते. कॉलेजला मान्यता देणारं आणि पदवीधराला नंबर देणारं एकच छत्र असावं, असं आपण गृहीत धरतो. इथे कॉलेज तपासणारी संस्था वेगळी, परीक्षा घेणारी वेगळी, लायसन्स देणारं राज्याचं बोर्ड वेगळं आणि आपल्या बाजूने भांडणारी संघटना आणखी वेगळी. मी या सगळ्या दारांतून गेले आहे. मुली चौकशीला सुरुवात करतात ती परीक्षेपासून. सुरुवात करायला हवी कॉलेज तपासणाऱ्या संस्थेपासून, कारण तिथे चुकलं तर पुढचं एकही दार उघडत नाही.

आधी थोडा इतिहास. १९६५ साली नॉर्थ कॅरोलिनात ड्यूक विद्यापीठात डॉ. यूजीन स्टेड यांनी नौदलात वैद्यकीय काम केलेल्या चार जणांना घेऊन पहिला वर्ग सुरू केला. ६ ऑक्टोबर १९६७ रोजी त्यातले तिघं पदवी घेऊन बाहेर पडले. पीए सप्ताह दर वर्षी ६ ऑक्टोबरला सुरू होतो तो म्हणूनच. पुढच्याच वर्षी, १९६८ मध्ये, ड्यूकमध्येच पीएंची संघटना, म्हणजे त्यांची अकॅडमी (एएपीए), स्थापन झाली. माणसं मूठभर, पण संघटना आधी उभी केली, याचं मला फार कौतुक वाटतं. पहिली राष्ट्रीय परीक्षा १९७३ मध्ये झाली, आणि परीक्षा व सर्टिफिकेट सांभाळायला स्वतंत्र संस्था निघाली ती त्यानंतर.

आता ते पहिलं दार. अ‍ॅक्रेडिटेशन रिव्ह्यू कमिशन ऑन एज्युकेशन फॉर द फिजिशियन असिस्टंट, थोडक्यात एआरसी-पीए. पूर्वी हे काम अमेरिकन मेडिकल असोसिएशनच्या छत्राखाली चालायचं, २००१ पासून ही संस्था स्वतंत्र आहे. देशभरातले तीनशेहून जास्त पीए प्रोग्राम हिच्या यादीत आहेत. या यादीतल्या प्रोग्राममधून उत्तीर्ण झालेल्यालाच सर्टिफिकेटच्या परीक्षेला बसता येतं. भारतातली पदवी कितीही मोठी असो, अगदी एमबीबीएस, एमडी असलात तरी थेट बसता येत नाही. परदेशी डॉक्टरांसाठी आडवाट आहे असं सांगून पैसे मागणारे एजंट भेटतात. तशी वाट नाही.

मान्यतेचे प्रकारही असतात. नव्या प्रोग्रामला प्रोव्हिजनल मिळते. जुन्या, सुरळीत चाललेल्याला कंटिन्यूड. जिथे गडबड आढळली तिथे प्रोबेशन, आणि सुधारणा झाली नाही तर मान्यता काढून घेतात. प्रोव्हिजनल म्हणजे वाईट असं मुळीच नाही, तिथल्या मुलांना परीक्षेला बसता येतं. पण प्रोबेशन दिसलं तर प्रवेशाच्या मुलाखतीत कारण सरळ विचारा. शिक्षक कमी पडलेत, रोटेशनच्या (म्हणजे क्लिनिक-हॉस्पिटलात पाळीपाळीने प्रत्यक्ष शिकण्याच्या) जागा कमी पडल्यात की नुसती कागदपत्रं अपुरी आहेत, हे तुम्हाला कळलंच पाहिजे. फी लाख डॉलरच्या घरात जाते, तेव्हा विचारायला संकोच कसला.

या संस्थेचे नियम वाचायला कोरडे आहेत, पण त्यातल्या दोन-तीन ओळींनी मला शिकताना वाचवलं. एक नियम असा की रोटेशनची जागा किंवा शिकवणारा डॉक्टर विद्यार्थ्याने स्वतः शोधून आणावा अशी सक्ती प्रोग्रामला करता येत नाही. आपल्यासारख्यांसाठी हा नियम सोन्यासारखा आहे. ज्या मुलीचे बाबा इथे सर्जन आहेत, तिला एका फोनवर जागा मिळेल. माझे बाबा सांगलीत पोस्टात होते, मी कोणाला फोन करणार होते?

दुसरा नियम, विद्यार्थ्याला कर्मचाऱ्याच्या जागी वापरायचं नाही. माझ्या एका रोटेशनला क्लिनिकमधली रिसेप्शनिस्ट अचानक नोकरी सोडून गेली, आणि मला काउंटरवर बसवलं. फोन घ्यायचे, विम्याची कार्डं स्कॅन करायची, पेशंटला फॉर्म भरायला द्यायचे. आत डॉक्टर पेशंट तपासत होते, आणि मी ज्यासाठी फी भरली होती ते दाराच्या पलीकडे चाललं होतं. मी प्रोग्रामच्या क्लिनिकल को-ऑर्डिनेटरला लिहिलं. तिने मला समजुतीच्या गोष्टी सांगितल्या नाहीत. नियमाचा क्रमांक घालून क्लिनिकला पत्र पाठवलं आणि मला दुसरीकडे हलवलं. तिचा चांगुलपणा होताच, पण तिच्या हातात नियम होता म्हणून ते इतक्या लवकर झालं. त्याच काळात आमच्याकडे एआरसी-पीएची तपासणी आली. तपासणीला आलेल्यांनी आम्हा विद्यार्थ्यांना वेगळ्या खोलीत बसवलं, एकही शिक्षक आत नाही. रोटेशन कोण ठरवतं, तक्रार केली तर पुढे काय होतं, आजारी पडलात तर सुट्टी कशी मिळते, असं एकेकाला विचारलं. समोरचा माणूस खाली मान घालून लिहून घेत होता. आपलं बोलणं कोणीतरी नोंदवतंय, याचा मला त्या वयात फार आधार वाटला.

प्रत्येक प्रोग्रामला आपल्या वेबसाइटवर दोन गोष्टी टाकाव्याच लागतात. गेल्या पाच वर्षांचा परीक्षेचा निकाल, आणि किती विद्यार्थी आत आले व किती वेळेत बाहेर पडले याचा तक्ता. सगळे जण निकाल बघतात. तुम्ही तक्ताही बघा, आणि दोन्ही शेजारी ठेवून बघा. समजा निकाल ९८ टक्के आहे, पण चाळीस जणांच्या वर्गातले एकतीसच पदवीपर्यंत पोचलेत. म्हणजे बाकीचे नऊ जण परीक्षेच्या आधीच गळाले. ते का गळाले, हा प्रश्न मुलाखतीत विचारण्यासारखा आहे. कधी घरगुती कारणं असतात, कधी प्रोग्राम कच्च्या मुलांना हात देण्याऐवजी काढून टाकतो.

प्रवेशाचा अर्ज मात्र एआरसी-पीएकडे जात नाही. तो कॅस्पा नावाच्या सामायिक पोर्टलवरून जातो. हे पोर्टल पीएईएचं, म्हणजे शिकवणाऱ्या प्रोग्राम्सच्या संघटनेचं. शिकताना रोटेशन संपल्यावर बहुतेक ठिकाणी ज्या परीक्षा असतात, त्याही हीच संस्था तयार करते. बाकी तिच्याशी आपला फारसा संबंध येत नाही.

मग परीक्षा. ती घेते एनसीसीपीए, अटलांटाजवळ जॉन्स क्रीकमध्ये हिचं ऑफिस आहे. परीक्षेचं नाव पॅन्स. ३०० प्रश्न, साठ-साठचे पाच गठ्ठे, प्रत्येक गठ्ठ्याला एक तास. फी ५५० डॉलर. पदवीनंतर सहा वर्षांत जास्तीत जास्त सहा वेळा बसता येतं. पहिल्याच प्रयत्नात उत्तीर्ण होणाऱ्यांचं देशभरातलं प्रमाण नव्वद टक्क्यांच्या आसपास असतं, त्यामुळे चांगल्या प्रोग्राममधून आलात तर उगाच धास्ती घेऊ नका. पास झालात की नावापुढे पीए-सी लागतं. तरी राज्याचं लायसन्स वेगळं काढायचं असतं, आणि ते हातात येईपर्यंत पेशंटला हात लावायचा नाही.

सर्टिफिकेट एकदा मिळालं की झालं, असंही नाही. दर दोन वर्षांनी शंभर तासांचं शिक्षण नोंदवायचं, त्यातले निदान पन्नास पहिल्या श्रेणीतले, म्हणजे मान्यताप्राप्त कोर्सचे. मुदत ३१ डिसेंबरला संपते, त्यामुळे नाताळच्या सुट्टीत आमच्या ग्रुपवर "कोणाकडे चार तासांचा एखादा कोर्स आहे का?" असे मेसेज फिरतात. शिवाय दहा वर्षांच्या चक्रात एकदा पुन्हा परीक्षा. पूर्वी त्यासाठी सेंटरवर जाऊन २४० प्रश्न एका बैठकीत सोडवावे लागायचे. २०२३ पासून दुसरा पर्यायही आहे. दर तिमाहीला पंचवीस प्रश्न, घरी बसून, प्रत्येकाला पाच मिनिटं आणि संदर्भ बघायची मुभा. मी मुलं झोपल्यावर स्वयंपाकघरातल्या टेबलावर सोडवते. उत्तर चुकलं तर का चुकलं ते तिथेच कळतं, आणि दुसऱ्या दिवशी ते राउंडला उपयोगी पडतं. जुन्या पद्धतीत इतकं शिकणं होत नव्हतं.

हा बदल आपोआप झालेला नाही. आपापल्या स्पेशॅलिटीत आणखी एक परीक्षा द्यावी असा एनसीसीपीएचा प्रस्ताव आला, तेव्हा अकॅडमीने, म्हणजे एएपीएने, जोरदार विरोध केला. पर्यायी सर्टिफिकेट संस्था काढण्यापर्यंत बोलणी गेली. शेवटी प्रस्ताव मागे घेतला गेला आणि २०१९ मध्ये घरून द्यायच्या परीक्षेची चाचणी सुरू झाली. दोन मोठ्या संस्था अशा भांडताना बघून तेव्हा आमच्यातले बरेच जण वैतागले होते. मला ते भांडण योग्यच वाटतं. परीक्षा घेणाऱ्याने पेशंटच्या बाजूने कडक राहावं, संघटनेने आमच्या बाजूने ओढावं. दोन्ही कामं एकाच संस्थेकडे असती तर कोणाचं तरी एकाचंच ऐकलं गेलं असतं.

एएपीएची वर्गणी कशाला भरायची, असंही मला विचारतात, कारण सभासद होणं सक्तीचं नाही. माझं उत्तर असं की २०२२ च्या जानेवारीपर्यंत मेडिकेअर, म्हणजे मुख्यतः ज्येष्ठांसाठीचा सरकारी आरोग्यविमा, पीएला थेट पैसे देत नव्हता, ते मालकाच्या नावाने जायचे. तो कायदा बदलून घ्यायला संघटनेने वर्षानुवर्षं पाठपुरावा केला. आजही मेडिकेअर आमच्या कामाला डॉक्टरांच्या दराच्या ८५ टक्के देतो. २०२१ मध्ये संघटनेच्या प्रतिनिधींनी मतदान करून 'असिस्टंट'ऐवजी 'असोसिएट' हे नाव स्वीकारलं, पण बहुतेक राज्यांच्या कायद्यात जुनंच नाव आहे. ते बदलायचं तर प्रत्येक राजधानीत जाऊन बसावं लागतं. वर्गणी जाते ती या कामाला. राज्याच्या संघटनेचीही भरा, ती स्वस्त असते आणि लायसन्सचे नियम शेवटी राज्यातच ठरतात.

भारतातून बी.एस्सी. पीए करणारी मुलंही आता मला लिहितात. आपल्याकडे हा अभ्यासक्रम १९९२ मध्ये चेन्नईत डॉ. के. एम. चेरियन यांच्या मद्रास मेडिकल मिशनमध्ये सुरू झाला, आणि २०२१ च्या अलाइड हेल्थ कायद्यात फिजिशियन असोसिएटचा समावेश झाला. ही चांगली सुरुवात आहे. पण त्या पदवीवर अमेरिकेत काम मिळेल असं कॉलेज सांगत असेल तर विश्वास ठेवू नका, इथे पुन्हा पहिल्यापासून मान्यताप्राप्त प्रोग्राम करावा लागतो. भारतात राहून काम करायचं असेल तर गोष्ट वेगळी, आणि तिथे गरज प्रचंड आहे.

गेल्या महिन्यात माझ्या मावसबहिणीच्या मुलीने टेक्सासहून फोन केला. ती बीडीएस आहे, एच-फोरवर, म्हणजे नवऱ्याच्या वर्क व्हिसावर अवलंबून असलेल्या व्हिसावर. तिला म्हटलं, आधी एआरसी-पीएची यादी उघड आणि गाडीने जाता येतील असे प्रोग्राम वेगळे काढ. प्रत्येकाला ईमेल करून विचार, परदेशी पदवीतले विषय धरता का, आणि किती जुने चालतात. पेशंटबरोबरच्या कामाचे तास बरेच जण मागतात, आणि वर्क परमिटशिवाय पगाराची नोकरी करता येत नाही, म्हणून स्वयंसेवेचे तास चालतात का तेही विचार. तिची मायक्रोबायोलॉजी जुनी झाली आहे, काही प्रोग्राम इतकी जुनी धरत नाहीत. त्यामुळे ऑगस्टच्या सेमिस्टरला कम्युनिटी कॉलेजमध्ये लॅबसकट तो एक विषय घ्यायचा असं आमचं ठरलं आहे, आणि परीक्षेची पुस्तकं तूर्तास विकत घ्यायची नाहीत.