चुकलेलं पान घेऊन या

"काका, तुम्ही सरळ उत्तर का सांगत नाही?" हे मला आधी मुलं विचारायची. हल्ली त्यांच्या आयाही विचारतात, लिफ्टमध्ये, वाण्याकडे, एकदा तर गणपतीच्या आरतीला टाळ हातात असताना. मुलुंडच्या आमच्या सोसायटीत मी गणितवाला काका. नोकरी बँकेत झाली, पण एमएस्सी कालिन्याहून, म्हणजे मुंबई विद्यापीठातून, फिजिक्स घेऊन. त्यामुळे कुणाचं एम-थ्री, म्हणजे इंजिनिअरिंगच्या दुसऱ्या वर्षाचं गणित, राहिलं आणि केटी लागली की रविवारी सकाळी आमची बेल वाजते. तुम्ही विचारलंत म्हणून एकदा लिहूनच टाकतो.

उत्तर मुलांकडे असतंच हो. पुस्तकाच्या मागे असतं, सीनिअरच्या जर्नलमध्ये असतं, आणि आता फोनने फोटो काढला की पायऱ्यांसकट समोर येतं. त्यात मी आणखी एक उत्तर देऊन काय करू?

गेल्या पावसाळ्यात बीएस्सीची एक मुलगी आली. गणित नेहमीचंच: भरीव नळकांडं ३० अंशांच्या उतारावरून न घसरता गरंगळत येतंय, म्यू (घर्षणांक) ०.४, त्वरण किती? तिचं आलं होतं १.५, मागे छापलेलं ३.२७. फोनवरचं सोल्यूशन तिने उतरवून आणलं होतं, तेही बरोबर होतं. फक्त आपलं का चुकलं, ते तिला कळत नव्हतं.

"तुझं पान कुठाय?"

"फाडलं, काका. चुकलं होतं ना."

म्हटलं, मग तेच परत चुकव. तिने झरझर लिहिलं: उताराच्या दिशेने एमजी साइन थीटा (वजनाचा खाली ओढणारा भाग), त्यातून वजा म्यू एन (घर्षण; एन म्हणजे उताराचा काटकोनातला रेटा). हात कुठेही अडखळला नाही. चूक अशीच असते, जिथे शंकाच येत नाही तिथे बसलेली. मी काही बोललो नाही. म्हटलं, आता उतार शून्य कर.

साइन गेला. उरलं वजा ०.४ जी.

"म्हणजे काय गं?"

ती थांबली. "म्हणजे... सपाट जमिनीवर ठेवलेलं नळकांडं आपोआप उलटं पळणार?"

मी आत जाऊन लाटणं आणलं आणि फरशीवर ठेवलं. (लाटणं मध्ये फुगीर असतं, पण एवढं चालतं.) आम्ही दोघं त्याच्याकडे बघत बसलो. लाटणं काही हललं नाही. आतून "पोळ्या व्हायच्यात अजून!" असा आवाज आला, तेवढ्यात तिची ट्यूब पेटली: "फ्रिक्शन म्यू एन एवढं असेलच असं नाही!" नाहीच. म्यू एन ही वरची हद्द झाली. स्थिर घर्षण लागेल तेवढंच लागतं. इथे गरंगळायला वजनाचा सहावा हिस्सा पुरतो, आणि हद्द आहे तिसऱ्या हिश्श्याच्याही थोडी वर. मग बळाचं एक समीकरण, फिरण्याचं एक, आणि पाच मिनिटांत दोन तृतीयांश जी साइन थीटा तिनेच काढलं. ते पान फाडलं नसतं तर अर्धा तास वाचला असता.

एम-थ्रीवाल्यांची तऱ्हा वेगळी. लाप्लास (समीकरणं सोडवायची एक रूपांतराची रीत) अडलाय म्हणून येतात. पान बघावं तर लाप्लास ठणठणीत, अडलेला असतो पूर्ण वर्ग करणं. दहावीचा! हे कोऱ्या पानावरून मला कसं कळणार?

मी स्वतः फार शहाणा होतो असं समजू नका. आमच्या वेळी फोर्टात मॉस्कोच्या मीर प्रकाशनाची पुस्तकं स्वस्तात मिळायची. गणितं एकाहून एक जहाल आणि मागे नुसतं उत्तर. एका गणितावर मी आठ दिवस घालवले आणि शेवटी निघालं काय, तर पहिल्याच ओळीत साइनच्या जागी कॉस. या आठ दिवसांचं मला कौतुक नाही. दुसऱ्याच दिवशी कुणाला पान दाखवलं असतं तर त्याने दोन मिनिटांत बोट ठेवलं असतं. म्हणून मुलांना सांगतो, तासभर झटा, मग खुशाल या.

एकदा मात्र मी पूर्ण सोडवून दिलं होतं. रात्री अकराला मेसेज, "काका, उद्या सबमिशन", आणि मागोमाग आईचा फोन. भिडेपोटी पाच गणितं लिहून पाठवली. दुसऱ्या दिवशी वर्गात त्याला त्यातलंच एक फळ्यावर करायला सांगितलं आणि गडी तिसऱ्या ओळीला अडकला. तेव्हापासून तो मला जिन्यात बघून परत वर जातो. आता अकराचा मेसेज आला की मी पहिल्या दोन ओळी पाठवतो आणि झोपतो.

तर रविवारी दहानंतर या. खाडाखोड झालेलं पान आणा, कितीही घाण असू दे. आणि नळकांड्याचं गणित असेल तर लाटणंही घरूनच आणा, आमचं आता मिळत नाही.