वळचणीचं पाणी

मे महिन्याचा तिसरा आठवडा लागला की रत्नागिरीच्या जुन्या आळ्यांतली माणसं मान वर करून बोलायला लागतात. राम आळी असो, टिळक आळी असो, नाहीतर झाडगावातला एखादा बोळ असो. निम्मी वस्ती छपरावर आणि उरलेली निम्मी खाली उभी राहून सूचना देत असते. "वैनी, आमसुलं आत घ्या हो, कौल उचलतोय." वैनी धावतात. रातांब्याच्या सालींना रसाची पाच पुटं देऊन झालेली, दोन राहिलेली, आणि त्यावर शेजारच्या छपरातली वीस वर्षांची काजळी पडली तर ते आमसूल सोलकढीत घालायच्या लायकीचं राहत नाही.

पावसाआधी कौलं तपासून बदलण्याचं, म्हणजे परतणीचं, काम एका घराचं, पण ते कधीच एका घरापुरतं नसतं. या आळ्यांत घरांची दारं वेगवेगळी, भिंती वेगवेगळ्या, पण छपरं एकमेकांच्या इतकी जवळ की मांजर गोखल्यांच्या पोटमाळ्यावरून निघतं आणि जमिनीला पाय न लावता पाच घरं टाकून मासळी शिजते तिथे उतरतं. (मांजर हा कौल सरकण्याच्या कारणांत खालच्या नंबरावर. वांदर वरच्या. आणि सर्वांत वर शेजारचा माड. वाळलेली झावळ आडवी पडली तर चार-पाच कौलं जातात, नारळ पडला तर एकच, पण खालच्या ताटासकट.)

हल्ली ज्याला आपण कोकणी कौलारू घर म्हणतो, त्याचं कौल मुळात मंगळूरचं. बासेल मिशनने १८६५ मध्ये तिथे कारखाना काढला, गलबतांतून ही चपटी कौलं किनाऱ्याने वर आली आणि अर्धगोल नळ्यांना हळूहळू मागे सारत गेली. नळे नुसते एकावर एक ठेवलेले असत, म्हणून दरवर्षी उतरवून पुन्हा रचावे लागत. मंगलोरी कौलाला खालून नाक असतं, ते वाशांवर आडव्या ठोकलेल्या रिपेत अडकतं, आणि बाजूच्या खाचा शेजारच्या कौलात बसतात. शंभर चौरस फूट छपराला साधारण दीडशे कौलं लागतात. एकेक दोन-अडीच किलोचं. म्हणजे हजार फुटांच्या छपरावर तीन-साडेतीन टन माती कुठल्याही खिळ्याशिवाय, निव्वळ स्वतःच्या वजनावर आणि खाचेवर बसलेली असते. ती वर्षातून एकदा तपासावी लागते यात नवल नाही. नवल हे की एरवी वर्षभर तिच्याकडे कुणी बघत नाही.

तपासणी आतून सुरू करायची. भर दुपारी बारा-एकला दारं-खिडक्या लावून पोटमाळ्यावर अंधारात उभं राहायचं. जिथून उन्हाची टिकली आत येते तिथलं कौल सरकलंय. पण उजेड फक्त सरकलेलं कौल दाखवतो, केसाएवढी चीर दाखवत नाही. तिच्यासाठी कान लागतो. बोटाच्या पेरानं वाजवलं की धड कौल ठणठणतं, चिरलेलं बद्द वाजतं. शहाण्या घरांत तिसरी सोयही असते: मागच्या पावसात जिथे पाणी आलं तिथे वाशावर त्याच दिवशी कोळशानं फुली मारून ठेवलेली असते. ही फुली जुलैतच मारायची. मे महिन्यात "इथंच कुठंतरी गळत होतं" असं म्हणणाऱ्याला छपरावरचा माणूस वरूनच हसतो.

कारण गळती खोटं बोलते. पाणी शिरतं आढ्याजवळ, म्हणजे छपराच्या माथ्याशी, रिपेवरून सरकत वाशावर येतं, वाशाच्या पोटाला धरून चार फूट खाली उतरतं आणि जिथे गाठ किंवा खिळा भेटेल तिथे टपकतं. म्हणून थेंब पडतो त्याच्या बरोबर वरचं कौल बदललं, तर पुढच्या पावसात थेंब त्याच जागी हजर. थेंबाच्या वर नाही, थेंबाच्या चढाला शोधायचं.

वर चालणं ही वेगळी विद्या. अनवाणी जायचं, आणि पाय कौलाच्या मध्यावर नाही, तर जिथे वरचं कौल खालच्यावर चढलंय आणि खाली रीप आहे तिथे टाकायचा. रिपा साधारण फुटाफुटावर असतात, त्यामुळे पाऊलही तेवढंच. एका जागी बसून काम असेल तर पोतं आणि त्यावर फळी. मोडकं कौल काढताना वरचं कौल जरा उचलायचं, मोडकं खाली ओढायचं, नवं त्याच वाटेनं वर सरकवून नाक रिपेत पडल्याचा 'टक्' ऐकायचा. टक् आला नाही तर ते पहिल्या वावटळीत खाली येणार. आढ्यावर पालथी घातलेली कौलं तेवढी सिमेंटात असतात, आणि तिथे बहुतेकांचं चुकतं. नुसतं कडक सिमेंट थापलं की दोन उन्हाळ्यांत चीर जाते; आधीची माणसं चुना वापरत, तो जरा सोसून घेतो. शेवाळाची पापुद्री काढायची ती सुकी असताना, काथ्याच्या कुंच्यानं. तारेच्या ब्रशानं घासलं तर कौलाची कातडी जाते आणि पुढच्या वर्षी शेवाळ दुप्पट.

हे सगळं जाणणारी माणसं आळीत आता दोन किंवा तीन उरलीत, आणि तीही मेच्या पंचविशीपर्यंत आंब्याच्या बागांत अडकलेली. मग मृगाला, म्हणजे ७-८ जूनला, राहतात जेमतेम पंधरा दिवस. त्यामुळे आळीत एक न लिहिलेली यादी असते. ज्याच्याकडे म्हातारं माणूस किंवा बाळंतीण, त्याचा नंबर आधी. ज्यानं गेल्या वर्षी पैसे रखडवले, त्याचा मृग बरसल्यावर.

दुसरी अडचण कौल मिळण्याची. प्रत्येक कौलाच्या पोटाला कारखान्याचा छाप असतो, आणि एका छापाच्या खाचेत दुसऱ्या छापाचं कौल बसेलच असं नाही. दोन-तीन मिलिमीटरांचा फरक, पण तेवढ्यात पाणी शिरतं. काही कारखाने बंद होऊनही पुष्कळ वर्षं झाली. म्हणून आळीत एखादं घर पाडून अपार्टमेंट उभं राहणार असलं, की पहिली चौकशी फ्लॅटच्या भावाची नसते; "छाप कुठला?" ही असते. जुळला तर पन्नास-साठ कौलं हातगाडीवरून घरी येतात आणि परसात न्हाणीच्या मागे उभी करून ठेवली जातात. आडवी नाही, उभी. आडव्या थप्पीत खालची दोन ओल धरून फुटतात आणि विंचवालाही घर मिळतं.

आता वळचण, म्हणजे छपराची भिंतीबाहेर आलेली खालची कड. वळचणीचं पाणी आढ्याला जात नाही, अशी आपल्याकडे म्हण आहे. ती देशावर झाली असावी. किनाऱ्यावर नैऋत्येचा वारा झड घेऊन आला की पाणी खुशाल कौलावरून चढाला लागतं आणि खाचेत कचरा असेल तर वरच्या काठावरून आत उतरतं. म्हणूनच जुने सुतार दोन फूट आडवं गेलं की किमान एक फूट चढ ठेवत. लाकूड वाचवायला ज्यांनी छप्पर निजवलं, त्यांच्या घरात कौल शाबूत असूनही गळतं, आणि त्याला परतणी हा इलाज नाही. समुद्राकडच्या पाख्याची, म्हणजे छपराच्या त्या उतरत्या बाजूची, तपासणी दुप्पट करायची, हे मांडवी-मिरकरवाड्याकडच्या माणसाला सांगावं लागत नाही.

पण खरं भांडण वळचणीच्या खाली. पागोळ्या वर्षानुवर्षं एकाच रेषेत पडतात आणि जांभ्यात वाटीएवढ्या खळग्यांची ओळ पाडतात. मोजणीच्या नकाशापेक्षा आळी त्या खळग्यांवर विश्वास ठेवते. ओळ ज्याच्या अंगणात, पाणी त्याचं. कुणी छप्पर दुरुस्त करताना वळचण सहा इंच पुढे ओढली, तर पहिल्या सरीलाच कळतं आणि सकाळी "काका, तुमचं पाणी आमच्यात येतंय" असा निरोप येतो. हे हसण्यावारी नेऊ नये. १८८२ च्या सुविधाधिकार कायद्यानुसार वीस वर्षं राजरोस, अडथळ्याविना उपभोगलेली सोय हक्क होऊन बसू शकते. शिवाय पागोळीचे शिंतोडे जोत्याच्या चिऱ्याला सतत लागले की चिरा कुजल्यासारखा होतो. त्या रेषेत समुद्रावरचे गोटे अंथरले तर शिंतोडा मोडतो.

तोडगा म्हणून पन्हळ. पूर्वी पोफळ उभी चिरून आतला गाभा कोरून काढत, आता पत्रा नाहीतर प्लास्टिक. दहा फुटांना इंचभर तरी उतार हवा, आणि पन्हळ धरायला दर दोन फुटांवर आकडा. आकडे विरळ ठेवले की मध्ये पोट येतं, पोटात पाणी साचतं, पाण्यात डास. आंब्याचं पान मोठं, ते हातानं निघतं. शेवग्याचं बारीक पान मात्र पन्हळीच्या तोंडाशी लापशीसारखं बसतं. शेवगा दारात असेल तर जूनमध्ये दर आठवड्याला शिडी आलीच.

आणि हे पाणी किती, तर एक मिलिमीटर पाऊस म्हणजे चौरस मीटरला एक लिटर. रत्नागिरीत वर्षाला तीन हजार मिलिमीटरांहून जास्त पडतो. हजार फुटांच्या, म्हणजे त्र्याण्णव चौरस मीटरच्या घरावरून पावणेतीन लाख लिटर गटारात जातं, आणि तेच घर मे महिन्यात नळ कधी येतो म्हणून बादली लावून बसतं. काही जण पन्हळ विहिरीकडे वळवतात. पहिल्या दोन-तीन सरी बाहेर सोडायच्या, कारण त्यात धूळ, काजळी आणि कावळ्यांचं वर्षभराचं देणं असतं. मग खडी-वाळूच्या खड्ड्यातून आत.

स्लॅबवाले यातून सुटले असं वाटतं, तर तेही नाही. स्लॅब गळतो म्हणून त्यावर पत्र्याची शेड येते. पत्र्याचं भोक वरंब्यावर, म्हणजे उंचवट्यावर पाडायचं, सरीत, म्हणजे खोलगटात नाही, एवढी साधी गोष्ट. पण सरीत बोल्ट ठोकलेली शेड गल्लीगल्लीत दिसते, कारण तिथे पत्रा रिपेला टेकलेला असतो आणि ठोकायला सोपं जातं. ३ जून २०२० ला निसर्ग वादळ रायगडच्या किनाऱ्याला लागलं तेव्हा दापोली-मंडणगडाकडचे पत्रे कुठच्या कुठे गेले. त्यानंतर पत्रा धरून ठेवणाऱ्या आकड्यांची संख्या वाढली खरी. पत्र्यावरच्या पावसाचा आवाज मात्र कमी करता येत नाही. टीव्हीचा आवाज वाढतो, तो ऐकून शेजारी खिडकी लावतो.

पहिला मोठा पाऊस बहुधा रात्रीच येतो. लाइट आधी जाते. मग आळीभर पातेली सरकवल्याचे आवाज, एका खिडकीतून दुसऱ्या खिडकीत विजेरीचा झोत.

"तुमच्याकडे किती?"

"दोन. तुमच्याकडे?"

"एकच. पण गादीवर."